बिनफितीचा कोट

बद्रीनाथ क्लॅरोनेटवाल्याला त्याच्या लेकीचा व्हिडिओ पहिल्यांदा दाखवला तो पाचोडच्या सांडूनं, म्हणजे त्याच्या चुलतभावानं. आता सांडूनं एखादी गोष्ट दाखवली म्हणजे चांगल्या मनानंच दाखवली असेल, असं समजायचं काही कारण नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून, मठ्ठ्यात मीठ कमी आहे हे नवरीच्या बापाला सांगायला जाणारा हा गृहस्थ. त्यानं लिंक पाठवली आणि समोरच्यानं ती उघडावी एवढाही धीर न धरता लगेच फोन केला.

“बघितलं का नाय? तुपल्या अपेक्षानं तुपल्या कोटाची फीत कापली की रं. साऱ्या दुनियेसमोर!”

“कोणता कोट?”

“आता मलाच विचारायलास? बँडाचा लाल कोट. तुपल्याकडं दुसरा कोणता कोट हाय?”

बद्रीनाथ तेव्हा शहागंजातल्या आपल्या दुकानात एका ट्रम्पेटचा अडकलेला खटका मोकळा करत बसला होता. लग्नसराई नसली की तो वाद्यं दुरुस्त करतो आणि सराई आली की आपली पार्टी घेऊन वरातीपुढं उभा राहतो. त्यानं हात पुसले, चष्मा चढवला आणि व्हिडिओ लावला.

गाण्याचं नाव होतं ‘नवरदेव हरवला’. अपेक्षा पुण्यात नोकरी करते आणि तिथल्या तीन पोरांबरोबर रॉक बँडात वाजवते, एवढं त्याला ठाऊक होतं. एकाची गिटार, एकाचे ड्रम, एक गाणारा, आणि त्या सगळ्या दणदणाटात ही बया बापाचं वाद्य फुंकते. पडद्यावर वरात चालली होती. गल्ली आपल्याच गावातली होती, ओळखीच्या ओट्यांची, पण तिच्यातला सगळा रंग काढून घेतलेला. सजवलेला घोडा होता, वर नवरदेव नव्हता. डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बाया चालत होत्या. वऱ्हाडी नाचत होते, पण त्यांचे चेहरे अंधारात होते. मग एकदम एक कात्री आली. मग जमिनीवर पडलेली जरीच्या फितीची गुंडाळी. आणि मग लाल कोट घातलेली अपेक्षा. त्या कोटाला खांद्यावर फीत नाही, बाहीवर नाही, छातीवरही नाही. अख्ख्या करड्या चित्रात तेवढा एकच रंग, आणि तो असा उघडाबोडका.

बद्रीनाथनं व्हिडिओ तिथंच बंद केला. ट्रम्पेट बाजूला ठेवलं आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून तो आत बसून राहिला.

त्याला काय लागलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्यासाठी त्याची पार्टी माहीत पाहिजे. ही पार्टी त्याच्या उस्तादांची, हबीब मास्तरांची. मास्तर गेले आणि पार्टी बद्रीनाथकडं आली, पण तिचे कायदे अजून मास्तरांचेच आहेत. नवा वाजवणारा आला की त्याला पहिली सराई साधा कोट, बिनफितीचा. सराई निभावली की मास्तर स्वतःच्या हातानं त्याला फीत लावणार. आणि ज्याला पार्टीतून काढायचं, त्याची फीत सगळ्यांसमोर कात्रीनं कापायची. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फीत कापली की तो माणूस आपला नाही. बद्रीनाथनं हे आयुष्यात एकदाच बघितलं होतं. एक ढोलवाला दुसऱ्यांदा पिऊन वरातीत आला होता. तो धिप्पाड गडी, कात्री चालायला लागल्यावर लहान पोरासारखा रडला होता.

म्हणून कात्री, फीत आणि बोडका कोट एकामागोमाग एक बघितल्यावर बद्रीनाथला दुसरा अर्थ लावायची गरजच पडली नाही. शिवाय दिवाळीत अपेक्षा घरी आली होती तेव्हा ट्रंकेतून त्याचा जुना कोट घेऊन गेली होती. “शूटिंगला लागतोय बाबा,” म्हणाली होती. त्यानंही खुशीनं दिला होता, वर डांबरगोळीचा वास जावा म्हणून दोन दिवस दोरीवर वाळवून दिला होता. त्या कोटाचं हे झालं तर.

संध्याकाळी फोन वाजला. अपेक्षाचा मेसेज होता. ‘बाबा, रविवारी आमचा कार्यक्रम आहे, सिडकोतल्या नाट्यगृहात. आईला घेऊन याल ना?’

बद्रीनाथनं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. जायचं तर कशाला जायचं? जिनं आपली फीत कापली तिच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला? आणि नाही गेलो तर? दोन वर्षांत ती पहिल्यांदाच आपल्या गावात वाजवणार होती. नाही गेलो तर ती पुन्हा बोलावणार नाही, हेही त्याला कळत होतं. पोरगी त्याच्यावरच गेली होती. एकदा मान फिरवली की फिरवली.

ह्या मानेचीही एक गोष्ट आहे. क्लॅरोनेट तिला त्यानंच शिकवलं, घरात, रत्नमाला स्वयंपाक करत असताना. पोरीचा श्वास लांब होता आणि कान तयार. बारावी झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, ह्या सराईत मला पार्टीत घ्या.” तो नाही म्हणाला. वरातीत काय काय चालतं ते त्यानं बघितलं होतं. पिऊन नाचणारे, वाजवणाऱ्याच्या अंगावर येणारे. तिथं आपल्या पोरीला उभं करायचं? ती म्हणाली, “मग मला शिकवलंच कामून?” बद्रीनाथ चपला घालून दुकानाकडं निघून गेला. मग शिक्षण झालं, ती पुण्याला गेली. फोन येत राहिले. जेवलात का, तब्येत कशी, आई कुठंय. क्लॅरोनेटचा विषय दोघांनीही काढला नाही.

तर असा हा माणूस त्या आठवड्यात तोंड पाडून दुकानात बसला होता, आणि बुधवारी दुपारी तिथं अरफा येऊन उभी राहिली. अरफा म्हणजे हबीब मास्तरांची नात. कॉलेजात चित्रपट आणि व्हिडिओ ह्याच विषयाचं शिकते. म्हणजे आपण जे नुसतं बघतो आणि विसरतो, ते ही पोरगी थांबवून, मागं नेऊन, पुन्हा पुढं आणून बघते आणि त्याचे मार्क मिळतात. जग बरंच पुढं गेलं आहे.

“बद्री चाचा, मी वर्गात अपेक्षादीदीच्या व्हिडिओवर बोलणारे,” ती आल्या आल्या म्हणाली. “सरांनी सांगितलं, एक गाणं निवडा आणि त्यातली चित्रं काय बोलतात ते उलगडा. सगळ्यांनी बाहेरची गाणी घेतली. म्या बोली, मी आपल्या गल्लीचं घेते.”

“घे की,” बद्रीनाथ म्हणाला, ट्रम्पेटमधून मान वर न करता.

“तुमच्याकडनं बँडाचं समजून घ्यायचंय. दादाजान गेले तेव्हा मी लई छोटी होती. फितीचं काय असतं, चाचा?”

“फीत कापली की माणूस संपला. एवढंच असतं.”

अरफानं त्याच्याकडं बघितलं. ती हुशार आहे, तिला कळलं की इथं काहीतरी दुखतंय. “तुम्ही व्हिडिओ पूर्ण पाहिलाय का, चाचा?” तिनं विचारलं.

“पाहिजे तेवढा पाहिला.”

“मग मी संध्याकाळी घरी येते लॅपटॉप घेऊन. चाचींना चहा टाकायला सांगा.” आणि नाही म्हणायला सवड न देता ती गेली. हबीब मास्तरही असेच होते. विचारायचे नाहीत, सांगून मोकळे व्हायचे.

संध्याकाळी अरफा आली. रत्नमाला मेथी निवडत जमिनीवर बसली होती. बद्रीनाथ खुर्चीत बसला, पण पाहुणा बसावा तसा, अर्ध्या खुर्चीत. अरफानं लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि सुरुवातीलाच थांबवला.

“आता बघा चाचा. लग्नात दिवे कुणावर असतात?”

“नवरदेवावर. दुसऱ्या कुणावर असणार?”

“इथं बघा.” तिनं चित्र जरा पुढं नेलं. दिव्यांची झाडं डोक्यावर घेतलेल्या बाया वळत होत्या आणि उजेड घोड्यावरनं सरकून वाजवणाऱ्यांच्या तोंडावर येत होता. ढोलवाला, झांजवाला, ट्रम्पेटवाला. गाल फुगलेले, कपाळावर घाम. “घोडा मोकळा हाय, नवरा नाही, वऱ्हाड अंधारात. ज्यांच्याकडं कोणी बघत नाही, ते उजेडात. आता कॅमेरा कुठं ठेवलाय बघा. खाली, जमिनीपासून हातभर. त्यामुळं ही माणसं केवढी उंच दिसायलीत! हे सगळं ठरवून केलेलं असतं.”

बद्रीनाथ पुढं सरकला. हे त्यानं दुकानात बघितलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं होतं, पण तेव्हा कानात सांडूचा आवाज होता. तो झांजवाला तर त्याच्याच पार्टीतला कृष्णा निघाला. चोर, बोलला नव्हता काही! आणि किती देखणा दिसत होता. वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी उभं राहून बद्रीनाथनं त्याचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं.

“बरं केलं पोरीनं,” रत्नमाला मेथीची काडी मोडत म्हणाली.

मग कात्री आली. बद्रीनाथनं मान वळवली.

“चाचा, वळू नका. मी थांबवते. काय दिसतंय?”

“कात्री.”

“काय कापायली?”

बद्रीनाथनं नीट बघितलं. कात्रीच्या पात्यात फीत नव्हतीच. एक लाल दोरा होता, शिवण पुरी झाल्यावर तोडतात तसा. अरफानं पुढचं चित्र आणलं. फितीची गुंडाळी. “ही जुनी दिसती का चाचा?”

जुनी कसली! गुंडाळीला दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता, जर लखलखीत होती. आपल्या कोटाची फीत काळवंडून पितळेच्या जुन्या घंटेगत झाली होती. अरफा पुढच्या चित्रावर गेली. अपेक्षा, लाल कोटात. “आणि हा कोट? मला कपड्यातलं कळत नाही, तुम्ही सांगा.”

बद्रीनाथ खुर्चीतून उठून स्टुलापाशी उकिडवा बसला. जुन्या कोटावरची फीत उसवली की खालचं कापड गडद राहतं आणि बाकीचं विटलेलं असतं, सुईची भोकंही जात नाहीत. ह्या कोटावर असं काही नव्हतं. सगळा एकसारखा लाल. आणि खांद्यात तिच्या मापाचा. त्याचा कोट तिच्या गुडघ्यापर्यंत आला असता.

“हा माझा नाय,” तो म्हणाला. “हा नवा शिवलाय.”

“मग कापलं कुणी, काय, कुठं?” अरफा म्हणाली. “हेच मी वर्गात सांगणारे. व्हिडिओत कापताना दाखवलंच नाही. कात्री दाखवली, फीत दाखवली, कोट दाखवला. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की मधली गोष्ट बघणारा आपल्या मनानं भरतो. ह्याला म्हणायचं जोडणी. तुमच्या मनात जे होतं ते तुम्ही भरलं.”

 मनातल्या मनात बद्रीनाथनं सांडूला दोन शिव्या दिल्या आणि तिसरी स्वतःला. मग म्हणाला, “पुढं लाव.”

पुढचं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. गाणं ओरडून ओरडून थांबलं, ड्रम थांबले, घोडा कुठंतरी निघून गेला. एक मोकळी खोली आली. मधोमध एक लाकडी खुर्ची, तिच्यात कोणी नाही. खुर्चीच्या पाठीवर बद्रीनाथचा जुना कोट, अख्ख्या फितीसकट, आणि सगळा उजेड त्याच्यावर. खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून अपेक्षा बसलेली. बिनफितीचा कोट अंगात, मांडीवर ती नवी गुंडाळी, आणि ओठात धरलेला एक दोरा. ती खुर्चीकडं बघत बसली होती. बराच वेळ काही घडत नव्हतं. मग अंधार झाला.

“इथं लोकांनी लई अर्थ लावलेत,” अरफा म्हणाली. “कोणी लिहिलंय, खुर्ची म्हणजे सत्ता. कोणी म्हणतं देव. आणि तोंडातला दोरा म्हणजे बाईचं तोंड शिवलंय, तिला बोलू देत नाहीत. मी पण हेच लिहिलंय.”

रत्नमालानं मेथी खाली ठेवली.

“तोंड कुठं शिवलंय? अंगावरचं कापड शिवताना तोंडात दोरा धरतात नाय का? उघड्या तोंडी शिवू नाय म्हणतात. मी अंगावर गुंडी लावून घेताना धरते की.” ती उठून जवळ आली. “तिनं शिवून घ्यायला दोरा धरलाय. शिवणारा यायचा राहिलाय.”

 बद्रीनाथ उकिडवाच बसला होता. त्यानं चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर आता काही नव्हतं, तरी तो तिकडंच बघत होता.

मग त्यानं अरफाला सांगितलं, तिच्या आजोबांबद्दल. हबीब मास्तर फीत लावायचे ती कोट काढून नाही, अंगावरच. सराईची शेवटची तीथ झाली की मास्तर खुर्चीत बसायचे, शागीर्द समोर जमिनीवर, तोंडात दोरा. आणि शिवता शिवता मास्तर त्याच्या वर्षभराच्या चुका सांगायचे. तोंडात दोरा असल्यामुळं शागीर्दाला उलट बोलता यायचं नाही, सबब देता यायची नाही. मास्तर म्हणायचे, माणूस ऐकतो ते एवढ्याच वेळात. बद्रीनाथच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं: समेच्या आधी श्वास सोडतोस. घोड्याकडं बघत वाजवतोस. पंगतीतली जिलबी दिसली की तुझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि फुंकायची पत्ती नको तितकी भिजते. सगळं झाल्यावर गाठ मारून म्हणाले होते, बाकी ठीक. त्या दोन शब्दांवर बद्रीनाथचं सगळं आयुष्य निघालं.

अरफाचे डोळे भरले होते. “दादाजानचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “शुक्रिया चाचा.”

“शुक्रिया मी म्हणायचा, बेटा. तू आली नसतीस तर मी हितंच बसून राहिलो असतो, अर्धं गाणं बघून.”

“आता वर्गात चाचींचं पण सांगते,” अरफा लॅपटॉप मिटत म्हणाली. “पण माझा अर्थ काढून टाकणार नाही हां. एका चित्रात दोन अर्थ आरामात राहतात.” ते बद्रीनाथलाही पटलं. पोरीला पार्टीत घेतलं नाही तेव्हा त्यानं तिचं तोंड बंदच केलं होतं की.

अरफा गेल्यावर त्यानं फोन घेतला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. ‘येतो. आईपण येते. फीत घेऊन ये.’ उत्तरात काही शब्द आले नाहीत. अपेक्षानं फोनच केला, आणि फोनवर ती नुसती रडली. रत्नमालानं फोन हातातून घेतला आणि पुण्यात पाऊस आहे का ते विचारलं. कोणीतरी काहीतरी विचारायला पाहिजेच होतं.

रविवारी ते दोघं रिक्षानं सिडकोला गेले. बद्रीनाथनं सदरा कडक इस्त्रीचा घातला होता आणि वरच्या खिशात सुईची डबी होती. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला अपेक्षा उभी होती, लाल कोटात. ती वाकून दोघांच्या पाया पडली. तिच्या बँडातली पोरं, कोणाचे केस खांद्यापर्यंत, कोणाच्या कानात बाळी, तीही रांगेनं पाया पडली. बद्रीनाथ अवघडला. वाजवणाऱ्याच्या पाया कोणी पडतं, ह्याची त्याला सवय नव्हती.

“खुर्ची आणू, बाबा?” अपेक्षानं विचारलं.

खुर्च्या सगळ्या पुढं लोकांसाठी मांडल्या होत्या. “चालतंय,” म्हणत तो स्पीकरच्या काळ्या पेटीवर बसला. अपेक्षा समोर जमिनीवर बसली. रत्नमालानं रिळातून दोरा तोडून लेकीच्या ओठात दिला आणि बाजूला उभी राहिली. बद्रीनाथनं सुई ओवली. ती पहिल्या खेपेला ओवली गेली नाही, दुसऱ्याही नाही. मग रत्नमालानं ओवून दिली.

त्यानं उजव्या बाहीवर फीत धरली आणि टाका घातला.

“आता चुका सांगायची रीत हाय,” तो म्हणाला. “पण आधी दुसरं सांगून घेतो. तुला आता बोलता येत नाय, ते बरंय.”

अपेक्षा खाली बघत होती.

“मी हा कोट घालून पहिल्यांदा पाचोडला घरी गेलो, तेव्हा माझ्या आईनं दारातच अडवलं. म्हणाली, ते वाजंत्र्याचं बाहेर काढून ठेव, मग जेवायला ये. मी लिंबाला टांगला आणि जेवलो. मग नेहमी तसंच करत गेलो. आपल्या घरातल्या कोणी ह्या कोटाला कधी हात लावला नाय. तुझ्या आईनं तेवढा धुतला.” त्यानं दुसरा टाका घातला. “आणि बारावी झाल्यावर तू तोच अंगात घालायला मागितलास, पार्टीत घ्या म्हणालीस. मी नाय म्हणालो तर नवा शिवून घेतलास आणि साऱ्या दुनियेसमोर फीत मागत बसलीस. माझ्याकडं मागण्यासारखं काही हाय, हे मला ठाऊक नव्हतं, पोरी.”

अपेक्षाच्या ओठातला दोरा हलत होता. तिनं मान हलवली, नाही नाही अशी.

“हलू नको, सुई लागंल. आणि ते दिवे. तीस वर्षं वाजवलं मी, दिवे कायम दुसऱ्याच्या तोंडावर. मलाही त्याचं काही वाटायचं नाय. आपलं काम वाजवायचं. पण त्या व्हिडिओत कृष्णाचं तोंड बघितलं आणि वाटलं, आपणही असेच दिसत असू. तुझे उपकार झाले, अपेक्षा. उस्तादांनी मला माणसात आणलं आणि तू मला उजेडात आणलंस. बापानं लेकीचे उपकार मानू नयेत म्हणतात. मी मानतो.”

रत्नमालानं पदरानं तोंड पुसलं. बद्रीनाथ शिवत राहिला. त्याचे टाके मास्तरांसारखे बारीक नव्हते, पण घट्ट होते. एक बाही झाली. दुसरी झाली. खांद्याला हात घातला तोवर आयोजकांपैकी कोणीतरी येऊन सांगून गेलं की लोक बसलेत, आता चला. खांद्याचं काम घाईत झालं आणि छातीवरची फीत राहूनच गेली. बद्रीनाथनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

अपेक्षानं ओठातला दोरा काढला. डोळे पुसले, नाक पुसलं, क्लॅरोनेट उचललं. दोन पावलं जाऊन ती परत वळली.

“बाबा, चुका सांगायच्या राहिल्या.”

“कशा सांगू?” बद्रीनाथ म्हणाला. “लोकांपुढं तुला मी अजून ऐकलंय कुठं? जा, वाजव आधी.”